टिटलिसवर शिफॉन

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसवर, ३,००० मीटर उंचीवर, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधल्या शाहरुख-काजोलचा कटआउट आहे. पुठ्ठ्याला थंडी वाजत नाही, काकूंना वाजते. तरी कोट काढून शिफॉनचा पदर उडवायचाच. काका हात पसरतात, गुडघा कुरकुरतो. कॅमेरामन म्हणजे रुसलेले चिरंजीव, दिग्दर्शक थोरल्या वहिनी. आजी दशम्यांची पिशवी सांभाळत 'झालं का रे?' विचारतात. आल्प्स बघायचे राहिले तरी चालेल, ते व्हिडिओत मागे येतातच.

स्वित्झर्लंडमधलंच इझेल्टवाल्ड गाव मात्र हुशार. कोरियन मालिकेत झळकलेल्या तिथल्या धक्क्यावर फोटोवाल्यांची झुंबड उडाली, तेव्हा २०२३मध्ये गावाने माणशी ५ फ्रँक लावले. आपला व्हिडिओ शेवटपर्यंत बघणाऱ्या नातेवाइकांनाही तेवढे मिळायला हवेत.