नाकाखालचा थेंब

थेंब बरोबर माझ्या नाकाखाली पडला होता. म्हणजे फ्लेक्सवरच्या माझ्या. मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी चौकात लावलेला तो फ्लेक्स. उतरवल्यावर कुणी नेईना, म्हणून मीच घडी घालून माळ्यावर ठेवला होता. गाडीखाली रात्रभर काहीतरी अंथरायचं आणि सकाळी डाग कुठं पडलाय त्यावरून गळती शोधायची, ही युक्ती मी मोबाइलवर बघितली होती. घरात एवढं मोठं दुसरं काही नव्हतं.

"उलटा तरी अंथरायचा," बायको म्हणाली. "मागची बाजू कोरी पांढरी असते."

हे मला सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, यावर मी बोलणार नाही.

गाडी म्हणजे टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ मध्ये आलं, आमच्या दारात १९९६ मध्ये. गुडघे गेले तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टिअरिंग सोडलं. आता एक पोरगा चालवतो आणि रविवारी मी देखरेख करतो. देखरेख म्हणजे बोनेट उघडून आत बघायचं आणि 'हं' म्हणायचं. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी रेडिएटरातलं पाणी अर्धा लिटर कमी व्हायचं आणि चढाला काटा लाल पट्ट्याकडं सरकायचा. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं त्या पोराला कुलंटवर एक अख्खा तास घेतला. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरतं, म्हणून ते शंभरला उकळत नाही, एकशेवीसच्या आसपास जातं. पोरगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे पाणी टाकू का नको?"

गाडी गार असताना झाकण उघडून मी मुरंब्याच्या बाटलीत नमुना काढला. हिरवंगार असायला हवं ते विटकरी, गढूळ, तळाशी गाळ. वहीत रकाने आखले. दुधाळ चहासारखं दिसलं तर ऑइल मिसळलंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. जेलीसारखं झालं तर दोन जातींची कुलंट एकत्र ओतलीत. तांबूस असेल तर गंज. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, ऑइलच्या झाकणाखाली साय धरलेली नव्हती. मग राहिलं काय? रात्री जेवताना मी निकाल दिला, "इंजिन आतून सडलंय. आता भंगारातच घालायची."

आण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, निदान पटलं.

गॅरेजात मिस्त्रीनं ती बाटली उजेडात धरली, फिरवली, मग झाकण काढून वास घेतला.

"सर, चुकून आमटीचा डबा आणलासा काय?"

"कुलंट आहे ते."

"असंल. पण फोडणीला टाकतो ती हळद हाय ह्यात. वाटीभर तरी असंल."

आता हळदीबद्दल थोडं सांगायलाच हवं. थोडं म्हणजे सांगलीच्या माणसाचं थोडं. आण्णांची निम्मी हयात हळदीची पोती मार्केट यार्डात पोचवण्यात गेली. पलीकडं हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती. राजापुरी हळद त्यांत भरून तोंड लिंपलं की वर्षानुवर्षं बिनघोर. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस आत गुदमरायचा. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं, ती गोष्ट आण्णा अजून माणूस गेल्यासारखी सांगतात. २०१८ मध्ये आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले, जणू अर्ज त्यांनीच केला होता. बोट कापलं, हळद. खोकला, हळद. मुंग्या, हळद. माझ्या लग्नात करवल्यांच्या आधी यांनीच माझ्या गालाला हळद फासली, तीही गाडीच्या हौद्यात सांडलेली. सकाळपासून गाल चुरचुरत होता. जेजुरीहून आले की भंडारा पहिल्यांदा बोनेटवर, मग आमच्यावर. आणि जुने ड्रायव्हर रेडिएटरला बारीक भोक पडलं की आत हळद टाकतात. ती फुगून भोकात बसते आणि गाडी गावाला लागते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

माहीत होतं, आणि तरी ओळखलं नाही! याहून वाईट म्हणजे हळद अल्कलीत लाल होते, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवतो. हळदीचा कागद, त्यावर साबणाचं पाणी, पोरांचं 'आ' करणं. लोखंड गंजू नये म्हणून कुलंट मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात. गॅरेजशेजारच्या टपरीवरून लिंबू आणून मी पेलाभर नमुन्यात पिळलं. विटकरी रंग पिवळ्यावर आला. मिस्त्री म्हणाला, "चौकात फ्लेक्स तुमचाच होता न्हवं?"

गळती होती वॉटर बॉडीला, म्हणजे पाण्याच्या पंपाला. पंपाच्या पोटाशी बोटभर आत एक बारीक भोक असतं. त्याच्याखाली वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ होता. भोक कंपनीनंच ठेवलेलं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर येतं आणि माणसाला कळतं. चालत्या गाडीत ते तापून उडून जायचं, म्हणून जमीन जवळजवळ कोरडी. फिरत्या सीलला हळद काय करणार? तिनं रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजवल्या. गाडी थोडी गळतीनं तापत होती, बरीचशी औषधानं.

"टाकली दोन चमचे," आण्णा म्हणाले.

"एकदा?"

"रोज. पहाटं."

"मला सांगायचं नाही?"

"तुला सांगिटलं की तू इकायचं काढतोस."

मला संताप आला, आणि तो नक्की कुणाचा ते कळेना. गेल्या थंडीत तीन आठवडे खोकला त्यांनी असाच हळददुधावर दाबून धरला होता. एक्स-रेला नेलं तेव्हा डॉक्टर त्यांच्यावर नाही, माझ्यावर ओरडले. या घरात मी काही विचारलं की त्याचा आवाज तपासणीसारखा येतो. तो घरी आल्यावर कसा बदलायचा, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत मला जमलेलं नाही.

रविवारी नवी वॉटर बॉडी बसली. मग रेडिएटर धुवायचा कार्यक्रम. कुलंट गोडसर असतं, कुत्री पितात आणि मरतात, म्हणून निघालेलं पाणी टबात धरलं. पहिला टब भगवा, दुसरा पिवळा, तिसरा फिकट. आण्णा उलट्या क्रेटवर बसून हुकूम सोडत होते, "अजून हाय. अजून हाय." सातव्या टबाला त्यांनी मान हलवली.

रात्री फ्लेक्स पुन्हा गाडीखाली गेला. उलटा घालावा म्हणून मी वाकलो, पण आण्णांनी आधीच सुलटा अंथरला होता.

पहाटे खुडबुड ऐकून बाहेर आलो. आण्णा बंपरला धरून, त्या गुडघ्यांवर, चक्क उकिडवे बसले होते आणि माझ्या छापील तोंडावर बॅटरी मारत होते.

"नाकाला काय न्हाई," ते म्हणाले. "कोरडं हाय."

मग बॅटरी विझवून हात वर केला.

"बघत काय ऱ्हायलास? उठीव मला."