घासतंय कुठेतरी

नाना प्रत्येक सोसायटीत असतात. तुमच्याकडे त्यांना अण्णा म्हणत असतील किंवा नुसतंच काका. पण कानावर अडकवलेला टेस्टर, बनियनवर ग्रीसचा डाग, आणि बिघाडाची बातमी लागली की चपला न घालता जिना उतरणं, हे सगळीकडे तेच. आमचे नाना मांडा-टिटवाळ्यात राहतात आणि त्यांच्यापाशी वाक्य एकच आहे.

"मोटर चांगली आहे. घासतंय कुठेतरी."

मिक्सरसमोर म्हणाले, ठीक आहे. लोकल आंबिवली सोडून मध्येच उभी राहिली तेव्हाही म्हणाले, आणि डब्यातल्या दोघांनी मान डोलावली. माझ्या गुडघ्याकडे लांबूनच बघून म्हणाले. समोरच्या विंगमधल्या मुलाचं लग्न वर्षाच्या आत मोडलं, तेव्हा मुलाच्या आईला भेटायला गेले आणि म्हणाले, "मुलगा चांगला, मुलगी चांगली. घासतंय कुठेतरी." एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण पुढे अगदी कळवळून विचारलं, "बसवताना मध्ये कागद ठेवला होतात का?" त्या माउलीला वाटलं, कोर्टाचा.

हा कागद काय भानगड आहे ते कळायला गाडी बघावी लागते.

गाडी सोसायटीतल्या पोरांची. एकाच्या मामाने दुबईहून आणली: रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची, दगडांवर चढणारी. रॉक क्रॉलर. ही गाडी पळत नाही. चालत्या माणसाच्याही मागे पडते आणि तिचं सगळं कौतुक त्या संथपणातच आहे. चारही चाकांना ताकद. पुढची दोन आपसांत जखडलेली, मागची दोन तशीच, म्हणजे एक चाक हवेत लोंबकळलं तरी जोडीचं दगड सोडत नाही. मोटरच्या आर्मेचरवर तारेचे वेढे ३५, ४५, अगदी ५५ सुद्धा. वेढे वाढले की वेग कमी, जोर जास्त. पोरांना वाटलं होतं, रेस लावू. चार दिवसांत कंटाळली.

नाना कंटाळले नाहीत, कारण नानांची उमेदीची वर्षं घाटाच्या इंजिनांत गेली. रेल्वेत होते, कल्याणच्या शेडमध्ये डब्ल्यूसीजी-२ जातीच्या डीसी इंजिनांचे कार्बन बदलण्यात आणि कम्युटेटर पुसण्यात केस पांढरे झाले. कसारा ते इगतपुरी ३७ फुटांना १ फूट चढ आहे, १८६५ पासून तेवढाच आहे, आणि तो चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे ते न विचारता सांगतात. वेगाचं कौतुक करणाऱ्या माणसाकडे ते दयेने बघतात. दुबईची जीप हातात घेऊन उलटी केली, मोटरच्या मागच्या खिडकीतून दोन इवले कार्बन पाहिले, आणि म्हणाले, "अरे, ही आपलीच."

त्या दिवसापासून गाडी पोरांची नावापुरती राहिली.

ती पहिल्यांदा बंद पडली काळू नदीच्या काठी. मोटर किंचाळतेय, चाकं ढिम्म. गाडीच्या मालकाने निकाल दिला, "मोटर गेली," आणि मोबाइलवर नव्या मोटरची किंमत काढली. नाना म्हणाले, "फिरतेय ना? मग गेली कुठे?" आणि वाक्य पुरं केलं. मग वरात आमच्या घरी, कारण काकूंनी त्यांच्या घरी टेबलावर ग्रीस आणायला कायमची बंदी घातली आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, हिने आमटीच्या वाट्या उचलून आत नेल्या. त्यातली एक स्क्रू ठेवायला परत मागवली गेली.

तपासणीची पद्धत ऐका, कारण ती तुम्हालाही ऐकवली जाणारच आहे. गाडी उचलून धरायची, रिमोट हलका दाबायचा, आणि मोटरपासून चाकाकडे एकेक टप्पा बघत जायचं. चाकांकडे जाणाऱ्या दोन शाफ्टपैकी एकच फिरत असेल, तर दोष न फिरणाऱ्या बाजूला. दोन्ही फिरतात आणि चाक नाही, तर आसाच्या आत दाते गेले किंवा चाकामागची पिन पडली. दोन्हीही फिरत नसतील, तर मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये शोधायचं. इथे दोन्ही थंड होते. नानांनी झाकण काढलं. मोटरच्या दांड्यावर पिनियन, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान दातेरी चाक. त्याला दांड्यावर आवळून धरणारा एक ग्रब स्क्रू, साबुदाण्याएवढा. दांड्याची एक बाजू त्या स्क्रूसाठी सपाट तासलेली असते. हा स्क्रू गोल बाजूवर टेकला होता. धक्क्यांनी ढिला झाला आणि दांडा पिनियनच्या पोटात नुसताच गरगरत राहिला.

"बघ. मोटर चांगली आहे."

दीड मिलिमीटरची ऍलन की, अर्धा फेरा, काम संपलं. पण काम संपणं हे नानांना कधी मानवत नाही. स्क्रू परत सुटू नये म्हणून निळं लॉकटाइट लावतात, ते नव्हतं. काकूंची नेलपॉलिश आणायला पोरगं पिटाळलं. आणि मग तो कागद. पिनियन आणि त्याच्याशी भिडणारं मोठं चाक यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, दोन्ही एकमेकांवर दाबायची, मोटरचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. कागद चुरगळला पाहिजे, फाटता कामा नये. फार घट्ट बसवलं तर मोटर तापते, फार सैल ठेवलं तर दाते झिजतात. वन रूम किचनमध्ये सासू-सासऱ्यांसकट बसवलेल्या त्या लग्नाबद्दल नानांना हेच विचारायचं होतं. त्या बाईंनी वर्षभर नानांना ओळख दिली नाही.

गाडी चालू झाली, पोरं ओरडली, नाना मात्र उदास. गाडी टिपॉयवरून सोफ्यावर चढली तेव्हा टाळ्या आमच्या. त्यांचं लक्ष "पुढच्या आसात थोडा आवाज येतोय" इथे. आला नाही तर आणतात. माझा चांगला चालणारा टेबलफॅन त्यांनी फक्त ऐकायला म्हणून खोलला होता. तो आता चालतो, पण मान वळवत नाही, आणि एक स्क्रू उरला आहे. तो आमच्या मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या वाटीत आहे. टाकून द्यायला नानांची परवानगी नाही.

खरं तर हे लेखन इथेच, फॅनवर, चिडून संपायचं होतं. पण मध्ये सोसायटीची सभा झाली.

पाणी वरच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाची मोटर जळली होती. सेक्रेटरींनी कागद वाचला: वॉचमनने रात्री पंप चालू ठेवला, सबब रिवाइंडिंगचा खर्च त्याच्या पगारातून. सभेत चहा आला होता, लोकांना घरी जायचं होतं, हात वर होत होते. माझाही अर्ध्यावर होता. नाना उठले. आम्हा सगळ्यांना पुढचं वाक्य माहीत होतं, काहींनी ते ओठांनी आधीच म्हटलं.

"वॉचमन चांगला आहे," नाना म्हणाले. "घासतंय कुठेतरी."

हशा झाला. पण नाना सकाळीच पंप खोलून बसले होते. पिशवीतून त्यांनी सुतळीचा गुंता काढला, इंपेलरला वेढून बसलेला, आणि मागोमाग कोरडं ठणठणीत बेअरिंग. मग अध्यक्षांना क्रॉलर समजावून सांगावा तसं सांगितलं. मोटर तापली की आधी ती सुटी करायची आणि उरलेली गाडी हाताने ढकलून बघायची. जड जात असेल तर दोष मोटरच्या पुढे आहे. मोटर बिचारी अडलेल्या गाड्याला जोर लावते, करंट खेचते आणि जळते. जळते ती दिसते, म्हणून खापर तिच्यावर. अडवणारं कुणाला दिसत नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, पंपाचं वार्षिक सर्व्हिसिंग कुणी बंद केलं? ते गेल्या वर्षीच्या अहवालात 'काटकसर' या मथळ्याखाली छापलेलं होतं, आणि त्याला आपणच टाळ्या वाजवल्या होत्या. सेक्रेटरींनी चहा मागवला. पहिला आलेला अजून संपला नव्हता.

वॉचमनचा पगार वाचला. टेबलफॅन मी माफ केलेला नाही, पण त्याबद्दल बोलणं बंद केलं.

गेल्या पावसाळ्यापासून नाना वेगळंच करायला लागलेत. त्यांची खरी विद्या कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटून सांगायचं, पुढच्या आसात दोन दाते गेलेत. खोललं की ग्रीसमध्ये पितळी चुरा आणि दोन दाते कमी. हल्ली मूठ कानाला लावतात आणि चेहरा तसाच राहतो. शेडमधल्या आवाजात आयुष्य गेलं, वर वय. काकू म्हणाल्या, डॉक्टरांकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत, "कान चांगले आहेत म्हणे. घासतंय कुठेतरी."

तर आता स्क्रूड्रायव्हरचं टोक नाना धरतात आणि मूठ आमच्या मुलीच्या कानाला असते. ती नऊ वर्षांची आहे आणि भाव खाते. टेबलावर पेपर, वाटीत स्क्रू, दोघं आडवी पडून गाडीला ऐकताहेत.

"कर्रर्र येतंय," ती म्हणाली.

"कर्रर्र की खर्रर्र?"

"मधलं."

"मधलं नसतं गं राणी. कर्रर्रला ग्रीस लागतं, खर्रर्रला बेअरिंग. नीट ऐक. ५ बाय ११ बाय ४ चं बेअरिंग टिटवाळ्यात मिळत नाही, नागदेवी स्ट्रीटला जावं लागतं. मस्जिदला उतरायचं आणि परत यायचं, अख्खा दिवस."

तिने पुन्हा कान लावला. मग डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि म्हणाली, "खर्रर्र. बाबा जातील."