माझ्याकडे तर दिसतंय!

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मेल येतो. विषय : ‘फायनल नकाशा’. सोबत एकच फाइल, वजन ३८ केबी. चाळीस गावं, त्यांच्या विहिरी, ओढे, गट नंबर, वर उपग्रहाचं छायाचित्र, आणि सगळं मिळून ३८ केबी! फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाबसुद्धा याहून जड असतो. अशा वेळी अनुभवी माणूस फाइल उघडत नाही. आधी चहा सांगतो.

पाठवणाऱ्याला आम्ही नकाशेबुवा म्हणतो. पाणलोटाचं काम करणारी संस्था असो, नगररचनेच्या सल्लागाराचं ऑफिस असो की कॉलेजचा भूगोल विभाग, जिथे क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडतं तिथे बुवांची एक तरी आवृत्ती बसलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. यांना पत्ता विचारा. ‘मारुतीच्या देवळावरून डावीकडे’ असं ते मेले तरी सांगणार नाहीत. ‘इथून ईशान्येला दीडशे मीटर’ म्हणतील आणि तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात हे तुम्हाला माहीत असणारच, असं गृहीत धरून निघून जातील. मिसळ खाताना समोरच्या डोंगराच्या समोच्चरेषा मनात मोजतील. ओढ्याचा निळा आणि तळ्याचा निळा यांच्यात फरक हवा म्हणून एक आख्खी दुपार घालवतील. आणि खोटं कशाला बोला, बुवांचा नकाशा त्यांच्या स्क्रीनवर बघावा तर डोळे निवतात.

भानगड तो त्यांच्या स्क्रीनवरून निघाला की सुरू होते.

क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाइल म्हणजे नकाशा नव्हे, ती पत्त्यांची चोपडी. विहिरी अमुक फोल्डरात, ओढे तमुक फोल्डरात, विहिरींना हा रंग, ओढ्यांना तो, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. माल काडीचा नसतो. बुवा नुसती चोपडी पाठवतात, म्हणजे लग्नाची पत्रिका पाठवून ‘जेवलात का?’ विचारण्यातला प्रकार. चहा संपवून मी फाइल उघडतो. स्क्रीन पांढरीफटक, आणि वर सापडत नसलेल्या सतरा लेयरची यादी. प्रत्येकापुढे पत्ता : एफ ड्राइव्ह, न्यू फोल्डर २, फायनल, फायनल नवा, हाच वापरा.

मी फोन करतो.

“बुवा, सगळं पांढरं दिसतंय.”

“पांढरं? माझ्याकडे तर दिसतंय!”

हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात की आपल्यालाच मोतीबिंदू झाला असावा असं वाटतं. मग उलटतपासणी सुरू होते. व्हर्जन कुठलं, रॅम किती, अपडेट कधी केलं होतं. खरा दोष कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, पण पुण्यात चूक मान्य करायला सोमवार उजाडावा लागतो.

दुसरा मेल येतो. या खेपेला ‘डेटाच पाठवलाय’. उघडून बघतो तर नुसती .एसएचपी! आता शेपफाइल नावाला एकवचनी असली तरी ती एकटी कधीच नसते. आकार .एसएचपीत, त्यांची अनुक्रमणिका .एसएचएक्समध्ये, नावनिशी .डीबीएफमध्ये, हे तिघं तर हवेतच. शिवाय अक्षांश-रेखांशांची भाषा सांगणारी .पीआरजे आणि लिपी सांगणारी .सीपीजी. एस्री कंपनीने १९९८ साली हा सगळा मामला छापून जाहीर केला, म्हणजे गुपित असं काही नाही. तरी बुवा नवरदेवाला एकट्यालाच एस्टीत बसवून देतात आणि वऱ्हाड स्टँडवर.

तिसऱ्या मेलने वऱ्हाड आलं, फक्त .पीआरजे आणि .सीपीजी राहिल्या. .पीआरजे ही एवढीशी मजकुराची फाइल, पण ती नसली की काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. पुणे साधारण ७३.८५ पूर्व रेखांशावर आणि १८.५२ उत्तर अक्षांशावर आहे. पण हे अंश आहेत, असं सांगणारं कुणीच नाही. माझा प्रोजेक्ट होता यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात, आणि तिथला हिशेब मीटरचा. त्याने ७३.८५ म्हणजे सरळ ७३.८५ मीटर धरले. झालं! पुण्याने देश सोडला आणि मालदीवच्या पश्चिमेला, ऐन विषुववृत्तावर, हिंदी महासागरात मुक्काम केला. गंमत म्हणून मी आख्ख्या राज्याची हद्द त्याच मापाने टाकून बघितली. महाराष्ट्र भरला सुमारे आठ मीटर बाय साडेसहा मीटर. वन बीएचके, तोही चहूबाजूंनी सी-फेसिंग.

.सीपीजीबद्दल थोडक्यात सांगतो. ती नसली की मराठी गावांची नावं प्रश्नचिन्हांत येऊ शकतात. त्यात .डीबीएफमध्ये रकान्याच्या नावाला जागा जेमतेम दहा बाइट, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. आमच्याकडे ‘तालुका’ हा रकाना ‘ताल’ होऊन पोहोचला. खाली नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं. ताल होता, गाणं नव्हतं.

अशा वेळी मला विल्यम लॅम्ब्टन आठवतो. १८०२ साली मद्रासेहून त्याने हिंदुस्थान मोजायला घेतला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांकरवी डोंगरमाथ्यांवर आणि गोपुरांवर चढवला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला देह ठेवला. पुढचं काम एव्हरेस्टने उचललं. त्याला ते उचलता आलं, कारण लॅम्ब्टन मागे आकडे ठेवून गेला होता. ‘माझ्याकडे तर दिसत होतं’ एवढंच ठेवून गेला असता तर त्या जगप्रसिद्ध शिखराला आज दुसरंच काही म्हणत असते.

बुवांना यातलं काही कळत नाही असं मुळीच समजू नका. जिओपॅकेज नावाचा एकाच फाइलीत सगळं बिऱ्हाड मावणारा प्रकार २०१४ पासून प्रमाण मानला जातो, हे त्यांनीच मला शिकवलं. क्यूजीआयएसच्या टूलबॉक्समधलं ‘पॅकेज लेयर्स’ त्यांना झोपेतही सापडतं. ते उपग्रहाची छायाचित्रं बांधून घेत नाही, ती वेगळी पाठवावी लागतात, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. आर्कजीआयएसवाले प्रोजेक्ट पॅकेज करतात, तेही त्यांना तोंडपाठ. ते तर यावर दोन तासांची कार्यशाळा घेतात. गेल्या खेपेला ती आमच्याच हॉलमध्ये झाली. सातव्या स्लाइडवर व्हिडिओ होता, ‘डेटा कसा बांधावा’. तो लागेना. बुवांनी व्हिडिओ स्लाइडमध्ये घातलाच नव्हता, फक्त त्याचा पत्ता जोडला होता. फाइल घरच्या लॅपटॉपवर. हॉलमध्ये शांतता पसरली आणि बुवा खाली बघत म्हणाले, “माझ्याकडे लागत होता.”

त्या दिवसापासून बुवांनी मनाला लावून घेतलं आणि दुसरं टोक गाठलं. आता येतो तो साडेसहा जीबीचा झिप. सगळा डी ड्राइव्ह उचलून पाठवलेला असतो. त्यात विम्याच्या पावत्या, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, पुतण्याच्या मुंजीचे फोटो. मुंजीचे फोटो तर रीतसर लेयर करून कार्यालयाच्या नकाशावर टाचलेले. भिक्षावळीचा बिंदू वेगळा, पंगतीचा वेगळा, दोन्हींचे रंग सुरेख.

या खेपेचा झिप उतरवायला रात्रीचे साडेदहा झाले. ओढे दिसले, गट नंबर दिसले, तालुकासुद्धा पुरता ‘तालुका’ झालेला. विहिरी तेवढ्या नव्हत्या. त्यांचा पत्ता अजून एफ ड्राइव्हच दाखवत होता.

“बुवा, हा एफ ड्राइव्ह म्हणजे काय हो?”

“पेन ड्राइव्ह माझा.”

“कुठे आहे?”

“गाडीच्या किल्लीला.”

“मग लावा ना कॉम्प्युटरला.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग बारीक आवाजात : “गाडी मेहुणा घेऊन गेलाय. जुन्नरला.”

म्हणजे चाळीस गावांच्या विहिरी त्या रात्री स्कूटरला लटकून जुन्नरला मुक्कामी होत्या, आणि सोमवारी सकाळी अहवाल द्यायचा होता.

मेहुणा रविवारी रात्री परतला. विहिरी मिळाल्या. तो पेन ड्राइव्ह आता आमच्या ऑफिसच्या कपाटात चहाच्या डब्याशेजारी असतो, आणि बुवांच्या गाडीच्या किल्लीला सुतळी बांधली आहे.