पुन्हा!

शाळामास्तर रात्री-अपरात्री कंदील घेऊन घराबाहेर पडतो आणि पार उजाडायला परततो म्हटल्यावर शेजारीपाजारी जे समजायचं ते समजतातच. ओकिनावा बेटावरच्या गिचिन फुनाकोशी मास्तरांबद्दलही अशीच कुजबुज होती, की स्वारी ‘तसल्या’ वस्तीत जाते. स्वारी जात होती आझातो नावाच्या गुरूंच्या परसात. कराटे त्या काळी चोरूनच शिकायची विद्या होती.

गुरू ओसरीवर ताठ बसलेले. खाली अंगणात शिष्य एकच काता, म्हणजे हल्ला-बचावाच्या ठरलेल्या हालचाली, घोटतोय. संपला की वरून हुकूम येई, पुन्हा! महिनोन्‌महिने तेच. शाबासकीच्या बाबतीत गुरू भलतेच कंजूष. तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षं गेली.

हे आपल्या सोसायटीच्या हॉलमधल्या क्लासात सांगून बघा. “सर, पिवळा झाला, आता नारिंगी कधी?” हे मुलाआधी त्याची आईच विचारते. गंमत अशी, की पट्ट्यांची ही पद्धत मुळात कराटेची नाहीच. ती ज्युदोतून आली, आणि तिची सुरुवात जिगोरो कानोंची. कराटेतले पहिले काळे पट्टे फुनाकोशींनीच १९२४ साली शिष्यांना बांधले. तोवर माणूस जन्मभर बिनपट्ट्याचाच शिकत होता, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्याआधी, १९२२ साली, फुनाकोशी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले. वय त्रेपन्न. आपल्याकडे या वयात माणूस प्रॉव्हिडंट फंडाचा हिशोब मांडायला लागतो. हे मात्र तिथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राखणदारी करायची, खोल्या झाडायच्या, बाग सांभाळायची आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवायचं. एकदा एक बातमीदार आला. आवार झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, फुनाकोशी गुरुजी कुठे भेटतील? म्हातारा ‘जरा थांबा’ म्हणून आत गेला, कपडे बदलून बाहेर आला आणि अदबीने म्हणाला, मीच फुनाकोशी. बातमीदाराचा चेहरा त्यांना पुढे कधीच विसरता आला नाही.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते याचसाठी. गुरुपदाला चढल्यावर हातातला झाडू सुटतो आणि पाठोपाठ सरावही. त्यांचं यातलं काहीच सुटलं नाही. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत त्यांचं ‘शोतोकान’ हे प्रशिक्षणगृह नष्ट झालं. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. युद्धानंतर त्यांनी पुन्हा शिकवायला घेतलं. १९५७ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. कराटेचा अभ्यास आयुष्यभराचा, हे त्यांच्या वीस सूत्रांतलं एक. ते त्यांनी आधी स्वतःला लावलं होतं.

तेव्हा मुलाला क्लासला घालाल तर काळा पट्टा किती वर्षांत मिळेल, हे विचारू नका. सर स्वतः अजून सराव करतात का, एवढंच विचारा.