यशस्वी भागीदारीची शास्त्रोक्त लक्षणे

सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणजे, जी सोय पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे ती खासगी कंपनीच्या पैशाने व कौशल्याने उभी करून, ठरावीक मुदतीपर्यंत तिचे उत्पन्न त्या कंपनीला घेऊ देणारा दीर्घ पल्ल्याचा करार होय. या व्याख्येत भागीदार दोनच असल्याने, पुढे टोल, पाणीपट्टी आणि कर भरणाऱ्या नागरिकाचे स्थान कोणते, अशी शंका काही अल्पज्ञ काढतात. परंतु लग्नात वधू आणि वर असे दोनच पक्ष मानले जात असले तरी मांडवाचे बिल तिसऱ्याच्याच नावाने फाटते, हे ध्यानात घेतले की शंका आपोआप मिटते.

या शास्त्राच्या अभ्यासासाठी वर्धा शहराला खेटून असलेले बोरगाव (मेघे) हे स्थळ सर्वथा योग्य आहे. जनगणनेच्या लेखी ते ‘जनगणना नगर’ आहे, म्हणजे किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या उद्योगांत, या कसोट्यांना उतरलेली वस्ती आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. गरजा शहराच्या आणि तिजोरी गावाची असल्यामुळे, सरकारपाशी पैसा नाही म्हणून खासगी भांडवल आणावे, या युक्तिवादाला याहून सुपीक जमीन मिळणे कठीण. तरीही अशा वस्त्यांच्या गटारांसाठी गुंतवणूकदारांची रांग लागत नाही, कारण गटारावर टोलनाका बसवण्याचे तंत्र अद्याप विकसित झालेले नाही.

यशाचे पहिले लक्षण म्हणजे जोखमीचे वाटप. जोखीम म्हणजे खर्च वाढण्याची, गिऱ्हाईक न फिरकण्याची किंवा काम रखडण्याची शक्यता. आणि जो जिला आवर घालू शकतो त्याने ती पत्करावी, असा ग्रंथांतला नियम आहे. महाराष्ट्राने त्यात सुधारणा करून, ज्याला करार वाचायला मिळत नाही त्याने ती पत्करावी, असा पाठ रूढ केला. १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी केलेल्या करारानुसार, वीज घेतली नाही तरी वीजनिर्मितीच्या क्षमतेपोटी ठरलेला आकार मंडळाने द्यायचा होता, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला असल्याने रुपया उतरला की बिल चढत असे. १९९५ च्या निवडणुकीत जो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली, तो नव्या सरकारने आधी रद्द केला आणि पुढच्याच वर्षी अधिक मोठ्या क्षमतेने मंजूर केला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत निघाली. समुद्राच्या वाट्याला काहीच आले नाही; बुडण्याचे काम वीज मंडळाकडे सोपवण्यात आले.

या अनुभवातून शासनसंस्था काहीच शिकली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ पासून महामार्गांसाठी ‘हायब्रिड ॲन्युइटी’ ही पद्धत आली. तिच्यात बांधकामाच्या खर्चापैकी ४० टक्के रक्कम काम चालू असताना सरकार देते आणि उरलेली ६० टक्के भागीदाराने उभी करून, पुढे सहामाही हप्त्यांनी सव्याज परत घ्यायची असते. बुटीबोरीहून वर्ध्याकडे व पुढे यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच पद्धतीने चौपदरी झाला, आणि तो झाला, हे टीकाकारांनाही मान्य करावे लागते. मात्र रस्त्यावरून एकही गाडी गेली नाही तरी हप्ता चुकत नसल्याने, ज्या धाडसापायी खासगी उद्योजकाला आमंत्रण दिले गेले, ते धाडस सरकारनेच आपल्याकडे ठेवून घेतले आहे.

दुसरे लक्षण म्हणजे समारंभांची नियमितता. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर उभारलेले असे केंद्र, जिथे कंटेनरची जकात-तपासणी उरकून माल रेल्वेने थेट बंदराकडे धाडता येतो. वर्धा जिल्ह्यातच सिंदी (रेल्वे) येथे अशा केंद्राचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. पुढे त्याच संकल्पनेचे ‘मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क’ असे नामांतर होऊन २०२१ मध्ये सरकारी संस्थांमध्ये नवा सामंजस्य करार झाला आणि मग १५० एकरांवरचा ६७३ कोटी रुपयांचा हा प्रकल्प ४५ वर्षांच्या मुदतीने खासगी भागीदाराकडे गेला. एका कल्पनेला दोन नावे आणि अनेक व्यासपीठे मिळाल्यामुळे, पहिला कंटेनर हलण्यापूर्वीच पुष्कळ शाली आणि नारळांची उलाढाल घडून आली, हा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

तिसरे लक्षण म्हणजे करार मोडतानाही भागीदाराचा मान राखणे. कोल्हापुरात शहरातील रस्ते ३० वर्षांच्या टोलवसुलीच्या बोलीवर बांधून घेतले गेले, ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जनतेने कित्येक वर्षे आंदोलन केले आणि अखेर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून ठरल्यामुळे, नाक्यावर जो पैसा कोल्हापूरकरांनी नाकारला तो करांच्या वाटेने भरण्याचा सन्मान बोरगावच्या करदात्यालाही मिळाला.

या गोष्टी गंभीरपणे मांडणारेही होऊन गेले. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१५ च्या अहवालात जोखमीचे तर्कसंगत वाटप, स्वतंत्र नियामक आणि परिस्थिती पालटल्यास कराराची फेरमांडणी करण्याची सोय सुचवली. शिवाय अगदी लहान प्रकल्पांना ही पद्धत लावू नये, असेही बजावले. अहवालांची मांडणी नेहमीच तर्कसंगत असते, हे त्यांचे दुर्दैव.

आता या लक्षणांवर पूर्णपणे नापास झालेल्या एका भागीदारीचा उल्लेख करणे भाग आहे, आणि ती बोरगावपासून काही किलोमीटरवरच, सेवाग्रामात आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा खर्च केंद्र सरकारने ५० टक्के, राज्य सरकारने २५ टक्के आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटीने २५ टक्के उचलायचा, असे सूत्र ठरले. येथे खासगी भागीदार आपला चौथा हिस्सा घालतो. तो सव्याज परत मिळण्याची कोणतीही तारीख त्याला दिलेली नाही, त्यामुळे हे प्रकरण भागीदारीशास्त्राच्या अभ्यासक्रमात बसत नाही.

याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरातील खेड्यांत ज्वारीच्या रूपात हप्ता घेणारी आरोग्य विमा योजना चालवली. सुगीनंतर प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आणि गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सहभागी झाल्याशिवाय गावाला योजनेत घ्यायचे नाही, अशी तिची अट होती. म्हणजे तिसऱ्या पक्षाला आधी विचारायचे, पटवायचे आणि मगच पुढे जायचे. इतक्या खटाटोपात कोणता सल्लागार आपला अहवाल वेळेवर देऊ शकेल?

कायद्याने अशी अडचण ठेवलेली नाही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती असून, तितकीही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. बोरगावात उद्या कोणी भागीदार आलाच, तर त्याने बाजारपेठेच्या पाहणीवर खर्च करण्याऐवजी ही एक तरतूद वाचावी. रिकाम्या खुर्च्यांनी एकमताने संमत केलेल्या कराराइतका निर्धोक करार दुसरा नाही, आणि त्याची परतफेड सभेला न आलेल्यांनाही पुढची ३० वर्षे माफ नसते.