नवा गडी, जुना गडी : निवाडा करण्याची सोपी पद्धत

बास्केटबॉल एकदाही न पाहिलेल्या माणसालाही खेळाडूंची तुलना करता येते. किंबहुना न पाहिलेलंच बरं. सामने पाहिले की मतं डळमळतात. सरावासाठी न्यूयॉर्क निक्सचा २०१५-१६ चा हंगाम घ्या. संघात दोन फॉरवर्ड. कार्मेलो अँथनी, वय ३१, एनबीएतला तेरावा हंगाम. आणि लाटव्हियाचा क्रिस्टाप्स पोरझिंगिस, वय २०, उंची सात फूट तीन इंच, हंगाम पहिलाच.

पायरी १ : खेळ सुरू होण्याआधी निकाल लावा
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. तुम्ही तेवढंही थांबू नका. जून २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. निक्सने चौथ्या क्रमांकावर पोरझिंगिसला निवडलं आणि चाहत्यांनी हुर्यो उडवली. एक लहानगा चाहता तर रडताना टीव्हीवर दिसला. युरोपातली उंच, किडकिडीत पोरं फुसकी निघतात, हा धसका जुना. २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला डार्को मिलिचिच असाच वाया गेला होता. त्याच्या पाठोपाठ तिसरा कोण निवडला गेला, हे मात्र एवढ्यात कुणाला विचारू नका.

पायरी २ : सोयीचा असेल तेवढाच भागाकार करा
अँथनीचे सामन्यामागे सरासरी २१.८ गुण, पोरझिंगिसचे १४.३. तुम्ही अँथनीच्या बाजूचे असाल तर वही इथेच मिटा. दुसऱ्या बाजूचे असाल तर मिनिटं काढा. अँथनी सुमारे ३५ मिनिटं खेळायचा, पोरझिंगिस २८. दोघांनाही ३६ मिनिटं दिली असं धरलं, तर गुणांमधली दरी साडेसातवरून साधारण चारवर येते आणि रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडण्यात, नवखा चक्क पुढे जातो. मग तो ३६ मिनिटं खेळला का नाही? दमतो म्हणून, फाउल करतो म्हणून, की कोच बसवतो म्हणून? असले प्रश्न विचारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

पायरी ३ : नजर चेंडूवरून हलू देऊ नका
अँथनी डाव्या बाजूला चेंडू घेऊन उभा राहतो. एक पाऊल पुढे टाकल्यासारखं करतो, परत घेतो, पुन्हा टाकतो. समोरचा बचावपटू मागे रेलतो. तेवढ्यात दुसरा एक बचावपटू, न जाणो म्हणून, आपला माणूस सोडून दोन पावलं अँथनीकडे सरकतो. अँथनी फेक घेतो, चेंडू रिंगवर आपटतो आणि त्या दोन पावलांनी मोकळी झालेल्या वाटेने धावत आलेला पोरझिंगिस तो तसाच वरच्या वर आत कोंबतो. टीव्हीवर डंक दहादा दाखवतात, ती दोन पावलं एकदाही नाही.

दुसऱ्या टोकाला उलटा प्रकार. अँथनीला चकवून कुणी आत घुसला की रिंगखाली लांब हात पसरून उभा राहायचं काम पोरझिंगिसचं. सामन्यामागे जवळजवळ दोन ब्लॉक त्याने उगाच केले नाहीत. थोडक्यात, एकाचे आकडे दुसऱ्याच्या मेहनतीवर वाढतात. ही गोष्ट कळली तर तुलना करणं अवघड होऊन बसेल, म्हणून ती न कळलेलीच बरी.

पायरी ४ : श्रेय एकालाच द्या
आदल्या हंगामात निक्सने १७ सामने जिंकले होते, या हंगामात ३२. बघा, पोराने संघ उभा केला! आदल्या हंगामात गुडघ्यामुळे अँथनी फक्त ४० सामने खेळला होता आणि यंदा ७२ खेळला, हे ओठावर आलं तरी गिळा.

पायरी ५ : ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य तयार ठेवा
ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये पोरझिंगिसच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तेव्हा एका गटाने ते वापरलं. २०२४ मध्ये तो बॉस्टनसोबत विजेता झाला, तेव्हा दुसऱ्याने. अँथनीने एनबीएची अंतिम फेरी कधी गाठली नाही, पण २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे वाक्य पुन्हा पहिल्या गटाकडे.

गृहपाठ
खेळाडू ओळखा : ड्राफ्टमध्ये पहिल्या चारांत निवड. आदल्या हंगामात संघाचे विजय १७. तो आल्यावर संघ सुधारला. सर्वोत्तम नवख्या खेळाडूच्या किताबात क्रमांक दुसरा.

उत्तर : दोघंही. अँथनी २००३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला जाऊन डेन्व्हरला गेला आणि किताबात लेब्रॉन जेम्सच्या मागे राहिला. पोरझिंगिस राहिला कार्ल-अँथनी टाउन्सच्या मागे. दोन्ही नावं लिहिणाऱ्याला शून्य गुण. निवाडा करायला बसलात, तर एकाला हरवल्याशिवाय उठायचं नाही.