घरबसल्या इजिप्शियन पक्षीगुरू व्हा

योगवर्ग झाले, रेकी झाली, टॅरोचे पत्ते मागवून झाले, तरी जिवाला स्वस्थता नाही. साहजिकच आहे. तुम्हाला अजून तुमचा पक्षी सापडलेला नाही. प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांना ही विद्या जमवायला तीन हजार वर्षं लागली, कारण बिचाऱ्यांकडे ही मार्गदर्शिका नव्हती. तुम्ही शनिवारी सकाळी सुरुवात करा. रविवारी संध्याकाळी शिष्य घ्यायला हरकत नाही.

१. पक्षी निवडा. म्हणजे ससाणा निवडा. ध्यानाला बसलेल्या साधकाला ससाणाच दिसतो, भूदेव गेबचा हंस कधी दिसत नाही. खरं तर त्या हंसाने ठणाणा करत विश्वाचं अंडं घातलं, अशी तिकडची एक कथा आहे. पण हा आपला परमहंसातला हंस नव्हे, पोटरीला चावणारा आहे. त्याची ऊर्जा अंगात आहे असं सांगून शिबिर भरत नाही.

ससाण्याचीही एक अडचण आहे. राजांचा देव होरस ससाणा, सूर्यदेव रा ससाणामुखी, युद्धदेव मोन्तू ससाणामुखी, मृतांचा सोकरही ससाणाच. शिष्याने ‘नेमका कोणता?’ असं विचारलंच, तर डोळे अर्धवट मिटून म्हणा, ‘एकाचीच अनेक रूपं.’ होरसपुरतं तरी हे उत्तर खरंही निघतं. होरसच्याच एडफूच्या देवळात दरवर्षी एक जिवंत ससाणा निवडून त्याला राज्याभिषेक करत. त्यात राजाच्या सत्तेचं नूतनीकरण होई. तुमच्या ऑफिसातल्या बढतीशी त्याचा संबंध नव्हता, पण हे शिबिरात बोलू नका.

२. लिपी शिकू नका. वेळ जातो आणि आत्मविश्वासही जातो. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की, टॅरोचे पत्ते म्हणजे इजिप्तच्या थोथ देवाचा हरवलेला ग्रंथ. पत्ते पंधराव्या शतकातल्या इटलीचे, खेळायचे. चित्रलिपीचा उलगडा शांपोल्यॉंने केला तो १८२२ मध्ये. म्हणजे थोथचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं, तेव्हा त्याचा अख्खा ग्रंथ सापडला होता. गुरू असावा तर असा.

३. गोंदवून घ्या. इथे मात्र शेपटीकडे लक्ष द्या. चित्रलिपीतली दुभंगलेल्या शेपटीची भिंगरी म्हणजे ‘थोर’. तशाच अंगाची, पण गोल शेपटीची चिमणी ही क्षुद्र, वाईट, रोगट अशा अर्थाच्या शब्दांमागे येते. गोंदणाऱ्याचा हात जरासा घसरला की तुम्ही जन्मभरासाठी क्षुद्र. घुबड सुरक्षित आहे. लोक त्यात गूढ ज्ञान पाहतात. लिपीत ते बहुतेक वेळा फक्त ‘म’ असतं.

४. गिधाड जपून वापरा. नेखबेत ही दक्षिण इजिप्तची गिधाडदेवी, राजाची रक्षणकर्ती. राण्या गिधाडाच्या आकाराचं शिरोभूषण घालत. आपल्याकडे गिधाडाला तिकडच्यासारखं मातृत्वाचं प्रतीक म्हणा आणि शिबिरातल्या सासूबाईंचे चेहरे बघा. त्यापेक्षा घार बरी. ऑसिरिस देव मेल्यावर त्याच्या बहिणी इसिस आणि नेफ्थिस घारी होऊन आक्रोश करत फिरल्या. घारीचा आवाज ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

५. आता अर्थकारण. हा पाठ शराटीकडून घ्या. शराटी म्हणजे लांब वाकड्या चोचीचा, चिखल चिवडणारा पक्षी. त्याचे भाऊबंद आपल्या भातखाचरांत दिसतात. लेखनाचा आणि ज्ञानाचा देव थोथ याचं डोकं या पक्ष्याचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की, शराटी चुकून मारली तरी देहान्त. आणि पुढच्या काही शतकांत सक्काऱ्यात आणि तुना अल्-गबलला जमिनीखालच्या बोगद्यांत लाखो शराटी कापडात गुंडाळून, मडक्यांत भरून रचल्या गेल्या. भाविकाने यायचं, पैसे मोजायचे, देवापाशी गाऱ्हाणं घालायचं आणि ममी अर्पण करायची. पाळण्याचाही पसारा होता. सक्काऱ्याचा होर नावाचा एक लेखनिक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात खापरांवर टिपणं लिहून गेला. त्यात खाऊ घालायच्या शराटींचा आकडा साठ हजार आहे.

याच होरने पंथातल्या गैरकारभाराची तक्रारही नोंदवली आहे. त्यावरचा नियम असा, की एका मडक्यात एक देव हवा. असा नियम कधी करावा लागतो, हे आपल्यासारख्या धंदेवाइकांना कळतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी आठशेहून अधिक प्राणीममींची क्ष-किरण आणि स्कॅनने तपासणी केली, तेव्हा साधारण एक तृतीयांश पुडक्यांत प्राणी नव्हताच. होता तो चिखल, काटक्या, बोरू, पिसं. मुद्दाम फसवणूक, असं सगळे अभ्यासक म्हणत नाहीत. पक्ष्याच्या घरट्यातलं गवतही पवित्रच, असं एक मत आहे. हे मत पाठ करा, तुमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या भागाला उपयोगी पडेल. बांधणी सुबक हवी. भाविक गाठ सोडून बघत नाही.

६. शेवटची परीक्षा. मेल्यावर तुमचं हृदय तराजूत घालतील, समोर सत्याची देवी मात हिचं शहामृगाचं पीस. बेचाळीस न्यायाधीशांपुढे एकेक पाप नाकारायचं. देवांच्या बोरूबनातले पक्षी पकडले नाहीत, असं शपथेवर सांगणंही त्या नकारांच्या यादीत आहे. हृदय जड निघालं तर मगरमुखी अम्मित तिथेच खाऊन टाकते. आणि निकाल लिहायला लेखणी घेऊन उभा असतो थोथ. हो, तोच, शराटीच्या डोक्याचा.

घाबरू नका, यावरही तोडगा होता. छातीवर दगडी भुंगा ठेवायचा. त्याच्या पोटावर मंत्र कोरलेला असे, ‘हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस’ अशा मतलबाचा. भुंगा हिरव्या दगडाचाच घ्या. ऑनलाइन मिळतात त्यांतले बरेच राळेचे असतात.